नांदेडात पहिला नंबर, ब्रॅम्प्टनमध्ये पत्ताच नाही: गूगलचे निकाल देशागणिक का बदलतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: नांदेडला ट्रॅव्हल्सचा व्यवसाय आहे. हुजूर साहिबच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांना हैदराबाद विमानतळावरून आणणं-सोडणं आणि सोबत एक लहानसं लॉज. दुकानात बसून गूगलवर शोधलं की साइट पहिल्या नंबरवर दिसते. कॅनडात ब्रॅम्प्टनला राहणाऱ्या मेहुण्याने शोधलं तर तीन पानं चाळूनही सापडत नाही, सगळीकडे मोठी पोर्टलं. एक एजन्सी म्हणते, गूगल कॅनडा, गूगल यूके आणि गूगल अमेरिका ही वेगवेगळी आहेत. प्रत्येकासाठी वेगळं डोमेन आणि वेगळं पॅकेज घ्या, तीन महिन्यांत पहिल्या पानावर आणतो. घ्यावं का?

भाऊ, घेऊ नका. पण नुसतं 'घेऊ नका' म्हणून भागणार नाही, कारण तुमच्या मेहुण्याने जे पाहिलं ते खरं आहे. निकाल देशागणिक वेगळे दिसतातच. एजन्सीने त्याचं जे कारण सांगितलं ते मात्र चुकीचं आहे, आणि निदान चुकलं की औषधावरचा खर्च वाया जातो.

गूगल कॅनडा नावाचं वेगळं यंत्र कुठेही नाही. पत्ते मात्र एकेकाळी वेगळे होते आणि त्यांना अर्थही होता. भारतात गूगल डॉट को डॉट इन, कॅनडात गूगल डॉट सीए, ब्रिटनमध्ये गूगल डॉट को डॉट यूके. नांदेडात बसून कॅनडाचा पत्ता उघडला की कॅनडाचे निकाल यायचे, आणि साइट गूगलवर वर आणण्याच्या आमच्या व्यवसायातले लोक रोज तसंच तपासायचे. ऑक्टोबर २०१७ मध्ये गूगलने ते बदललं. तेव्हापासून पत्ता कुठलाही टाका, तुम्ही जिथे बसला आहात तिथले निकाल मिळतात. एप्रिल २०२५ मध्ये तर कंपनीने जाहीर केलं, की देशोदेशीचे हे पत्ते टप्प्याटप्प्याने गूगल डॉट कॉमकडेच वळवले जातील. तेव्हा आज जो तुम्हाला तीन वेगळी गूगल विकतो आहे, त्याची माहिती २०१७ च्या आधीची आहे.

मग फरक येतो कुठून? साइटला नंबर असतो ही समजूत आधी सोडायला हवी. साइटला नंबर नसतो. शोधणाऱ्याने शब्द टाकले की त्या क्षणी, त्या माणसासाठी यादी तयार होते. तो कुठे आहे, फोन कोणत्या भाषेत लावलेला आहे, नेमके कोणते शब्द टाकले, आधी काय काय उघडलं होतं, हे सगळं तिच्यात उतरतं. देश हा त्यातला एक घटक आहे. कधी तो फार जड असतो, कधी जवळपास शून्य. कोणत्या वेळी जड आणि कोणत्या वेळी हलका, एवढं ओळखता आलं की तुमचा निम्मा प्रश्न सुटतो.

तुमच्या दुकानातला तो पहिला नंबर आधी बघू. तुम्ही नांदेडच्या वजिराबादेत बसून 'टॅक्सी सर्व्हिस' किंवा 'हुजूर साहिब टॅक्सी' टाकता तेव्हा नकाशासोबत तीन-चार व्यवसाय वर येतात. ती यादी लावताना गूगल तीन गोष्टी बघतं, हे त्यांनी स्वतःच जाहीर केलेलं आहे: शब्दांशी व्यवसाय किती जुळतो, शोधणाऱ्यापासून तो किती अंतरावर आहे आणि तो किती नावाजलेला आहे. तुम्ही तर दुकानातच बसलेले. अंतराचा सगळा फायदा तुमच्या पदरात. शिवाय त्याच फोनवरून तुम्ही आपली साइट रोज उघडता, त्याचाही थोडा परिणाम होतो. हाच शोध लातूरला जाऊन घेतलात तरी क्रम हललेला दिसेल. कॅनडा लांबच राहिला.

आता मेहुण्याच्या बाजूने बघा, आणि इथे जरा थांबून बघू, कारण खरी गोम इथे आहे. त्याने नुसतं 'गुरुद्वारा टॅक्सी' टाकलं तर गूगल समजणार की याला ब्रॅम्प्टनमधल्या गुरुद्वाऱ्याला जायचं आहे. त्यात गैर काही नाही, तिथे मोठमोठे गुरुद्वारे आहेत. या शोधात तुमची साइट दिसणार नाही, आणि ती दिसावी म्हणून एक रुपयाही घालवू नका. त्याने 'हुजूर साहिब टॅक्सी' टाकलं तर शब्दातच नांदेड आलं. आता शोधणारा कॅनडात असला तरी उत्तर नांदेडातलं हवं, हे गूगलला कळतं. देशाचं वजन इथे बरंच उतरतं, पण अंतराचा फायदाही कुणालाच उरत नाही. उरतं काय, तर साइटची एकूण पत आणि पानावरचा मजकूर. इथे पोर्टलं तुम्हाला मागे टाकतात. आणि त्याने 'हैदराबाद एअरपोर्टवरून रात्री हुजूर साहिबला टॅक्सी, सहा माणसं, सामान' असं काही इंग्रजीत टाकलं, तर शोधणारा ब्रॅम्प्टनचा असो, लंडनजवळच्या साउथॉलचा असो की अमृतसरचा, देश जवळपास बाजूला पडतो. ज्याच्या पानावर या प्रश्नाचं नेमकं उत्तर आहे तो वर येतो. पोर्टलाकडे ते उत्तर नसतं. त्यांच्या पानावर गावाचं नाव बदलून तोच मजकूर हजार शहरांसाठी छापलेला असतो.

म्हणून तुमचा सामना कॅनडातल्या कुणाशी नाहीच. कॅनडातला माणूस काय विचारतो आणि तुमच्या पानावर काय लिहिलं आहे, यात जे अंतर पडलंय तेवढंच तुम्हाला भरून काढायचं आहे.

तुमच्या साइटचं पहिलं पान मी पाहिलं. तिथे 'उत्तम सेवा, वाजवी दर, अनुभवी चालक' आहे आणि गाड्यांचे फोटो आहेत. पंजाबातून येणाऱ्या माणसाला एवढं पुरतं, कारण तो सचखंड एक्सप्रेसने येतो, स्टेशनवर उतरतो आणि यात्री निवास गाठतो. त्याला गाडी लागते ती गावातल्या गावात. कॅनडातून येणाऱ्याचे प्रश्नच वेगळे. त्याचं विमान हैदराबादला उतरतं, बऱ्याचदा मध्यरात्रीनंतर. पुढे सुमारे पावणेतीनशे किलोमीटरचा रस्ता. सोबत म्हातारे आईवडील आणि लहान मुलं. त्याला हे हवं असतं: रात्री दोनला उतरलो तर लगेच निघावं की सकाळी? वाटेत चहा आणि स्वच्छ स्वच्छतागृह कुठे आहे? लहान मुलाची सीट मिळेल का? मोठ्या बॅगा सहा असतील तर कोणती गाडी? कॅनडाचं कार्ड चालेल की रोख? विमान उशिरा आलं तर ड्रायव्हर थांबतो का, आणि थांबण्याचे वेगळे पैसे पडतात का? परतताना बिदरचा नानक झिरा करता येईल का? आणि नरसी नामदेव? हिंगोलीजवळचं हे गाव संत नामदेवांचं म्हणून आपण ओळखतो, पण गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, त्यामुळे शीख भाविकांनाही ते बघायचं असतं आणि जायचं कसं हे कुठे नीट सापडत नाही.

यातल्या प्रत्येक मोठ्या प्रश्नाला एक स्वतंत्र पान द्या. तुमच्या ड्रायव्हरला जे तोंडपाठ आहे तेच लिहायचं आहे: कोणत्या ऋतूत किती तास लागतात, पावसाळ्यात कुठे वेळ जातो, दर किती आणि त्यात काय काय धरलेलं आहे. दर रुपयांत द्या, बाजूला डॉलरमधला अंदाज द्या. व्हॉट्सअॅपचा नंबर देशाच्या ९१ सकट द्या. नुसता दहा आकडी नंबर परदेशातून लागत नाही आणि अशी किती गिऱ्हाइकं हातची जातात ते आपल्याला कळतही नाही. इंग्रजी पान आधी करा, पाठोपाठ गुरुमुखीत. गुरुमुखीचं पान मात्र मशीनच्या भाषांतराने करू नका. नांदेडात पंजाबी लिहिणारी माणसं तुमच्या गल्लीत मिळतील, त्यांच्याकडून लिहून घ्या. २०२१ च्या जनगणनेत कॅनडात सुमारे ७ लाख ७० हजार शीख नोंदले गेले. त्यांच्यासाठी नांदेड हे पाच तख्तांपैकी, म्हणजे शीख धर्माच्या पाच सर्वोच्च पीठांपैकी, एक आहे, त्यांना तिकडे यायचंच आहे. त्यांचे प्रश्न समजून उत्तर लिहिणारा नांदेडचा माणूस इंटरनेटवर कमी आहे, हे मला मनापासून खटकतं, कारण ही माहिती तुमच्याइतकी कुणाकडेच नाही.

हेच उत्तर सरसकट सगळ्यांना लागू पडतं असं समजू नका. समजा वसमतचा एखादा हळदीचा व्यापारी हाच प्रश्न विचारतो आहे, त्याला जर्मनीत माल विकायचा आहे. त्याला मी नेमकं उलटं सांगेन. तुमचा गिऱ्हाईक नांदेडला येणार आहे. त्याच्या गिऱ्हाइकाला माल घरपोच हॅम्बर्गला हवा आहे. तो जर्मन भाषेत शोधणार, युरोत भाव बघणार, माल किती दिवसांत येईल आणि तपासणीचा दाखला आहे का हे विचारणार. अशा शोधात देशाचं वजन प्रचंड असतं आणि तिथलेच पुरवठादार वर असतात. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, पण जर्मन माणसाला वसमत माहीत नाही, म्हणून तो ते नाव टाकणारच नाही. त्या व्यापाऱ्याला साइटवर जर्मन भाषेचा स्वतंत्र विभाग, जर्मन माणसाने लिहिलेला मजकूर आणि तिथल्या व्यापारी संस्थांच्या साइटवर उल्लेख, हे सगळं लागेल आणि वर्ष-दीड वर्ष धीर लागेल. गिऱ्हाईक तुमच्याकडे येणार की माल त्याच्याकडे जाणार, हे आधी ठरवायचं, मग देशाचा विचार करायचा.

आता डोमेन. एजन्सीने तुम्हाला डॉट सीए घ्यायला सांगितलं आहे. त्यांना विचारा की ते कुणाच्या नावावर घेणार. डॉट सीए डोमेन कुणालाही मिळत नाही. कॅनडाचा नागरिक, तिथला कायम रहिवासी, तिथे नोंदलेली कंपनी किंवा तिथे नोंदलेला ट्रेडमार्क, असं काहीतरी असावं लागतं. ऑस्ट्रेलियाच्या डॉट कॉम डॉट एयूला आणि अमेरिकेच्या डॉट यूएसला तशीच अट आहे. ब्रिटनचं डॉट को डॉट यूके कुणालाही मिळतं. मेहुण्याच्या नावावर कॅनडाचं डोमेन घेता येईल, पण मग व्यवसायाचा पत्ता मेहुण्याच्या मालकीचा होतो आणि घरात कितीही जिव्हाळा असला तरी हे मी कुणालाच सुचवत नाही.

आणि मिळालं तरी उपयोग काय? डॉट सीए म्हणजे 'ही साइट कॅनडातल्या लोकांसाठी आहे' एवढीच खूण. गाडी तर नांदेडात आहे. वर डोमेन नवं म्हणजे पत शून्यापासून. आजवर तुमच्या डॉट इनला जे काही नाव, जे काही दुवे मिळाले ते तिकडे जात नाहीत. तीन डोमेनवर तोच इंग्रजी मजकूर चढवला तर गूगल ती पानं एकच धरून त्यातलं एक दाखवतं. डॉट इन ही भारताची खूण आहे हे खरं, पण भारतातली सेवा शोधणाऱ्याला ती खटकायचं काही कारण नाही. जर्मनीत हळद विकायची असती तर मी डॉट कॉम घ्या म्हटलं असतं. एक बारीक गोष्ट जाता जाता: डॉट को, डॉट आयओ, डॉट एआय, डॉट टीव्ही ही कागदावर देशांची डोमेनं आहेत, पण जगभर इतकी वापरली जातात की गूगल त्यांना कुठल्याच देशाशी जोडत नाही.

सर्व्हर कॅनडात ठेवू, असंही ते म्हणाले असतील. सर्व्हर कुठे आहे याला क्रमवारीत फार थोडं महत्त्व उरलं आहे. साइट तिकडे लवकर उघडावी ही काळजी मात्र योग्य आहे. त्यासाठी जगभर प्रती ठेवणारी सीडीएन सेवा लावा, लहान साइटला ती फुकटातही मिळते. त्याहून आधी ते गाड्यांचे फोटो हलके करा. सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात, देश निवडून देऊ, असं कुणी म्हणालं तर सरळ विचारा, कुठल्या बटणावर? ती सोय गूगलने सप्टेंबर २०२२ मध्ये काढून टाकली. पानाच्या कोडमध्ये अक्षांश-रेखांशाचे किंवा गावाचे टॅग घालून देण्याचेही पैसे घेतले जातात. गूगल ते टॅग बघतच नाही.

एचरेफलँग नावाची खूण मात्र खरी आहे, आणि तिच्याबद्दल गैरसमजही तितकेच. एकाच पानाच्या दोन-तीन आवृत्त्या असतील तर कोणती कुणासाठी, हे ती गूगलला सांगते. २०११ पासून ती आहे. ती क्रम वर नेत नाही. तुमचं पान विसाव्या जागी असेल तर विसाव्याच जागी राहतं, फक्त तिथे पंजाबी वाचणाऱ्याला गुरुमुखीचं पान दिसतं. तुम्हाला ती लागेल ती इंग्रजी आणि पंजाबी पानांच्या जोडीसाठी, देशांसाठी नाही. लावताना दोन्ही पानांनी एकमेकांकडे बोट दाखवलं पाहिजे आणि प्रत्येकाने स्वतःकडेही. एकतर्फी खूण गूगल सोडून देतं. आणि पुढेमागे ब्रिटनसाठी वेगळं पान केलंच, तर देशाची अक्षरं जी-बी द्या. यू-के लिहिण्याची चूक चांगल्या चांगल्या साइटवर सापडते. त्या पद्धतीत यू-के ही युक्रेनियन भाषेची अक्षरं आहेत, देशाची नाहीत.

एक गोष्ट अजिबात करू नका: बघणारा कोणत्या देशातून आला हे आयपीवरून (त्याच्या इंटरनेट जोडणीच्या आकडी पत्त्यावरून) ओळखून त्याला आपोआप वेगळ्या पानावर ढकलणं. आमच्या संभाजीनगरात एका हॉटेलवाल्यांच्या साइटवर त्यांच्या आधीच्या डेव्हलपरने हे केलं होतं. भारताबाहेरून आलेल्या प्रत्येकाला डॉलरचं पान. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचे फोन यायला लागले, की गूगलवर तुमच्या खोलीचे दर डॉलरमध्ये का दिसतात? कारण साधं होतं. पानं वाचत फिरणारा गूगलचा बॉट बहुतांश वेळा अमेरिकेतल्या पत्त्यावरून येतो. तो जेव्हा जेव्हा आला तेव्हा त्याला डॉलरच्या पानावर पाठवलं गेलं, आणि रुपयांचं पान त्याने कधी वाचलंच नाही. ती ढकलाढकली काढली, वर 'रुपये / डॉलर' असं एक बटण दिलं, काही आठवड्यांत निकालात रुपयांचे दर परत आले.

तपासायचं कसं, हेही शिकून घ्या, म्हणजे मेहुण्याला रात्री उठवायला नको. त्याच्या एका फोनवर दिसलं नाही म्हणजे कॅनडात दिसत नाही, असा अर्थ निघत नाही. सर्च कन्सोल फुकट आहे. त्यात परफॉर्मन्सच्या अहवालात देशांचा टॅब असतो. कॅनडावर क्लिक करा आणि मग शब्दांच्या टॅबवर या. कॅनडातल्या लोकांनी काय टाकलं तेव्हा तुमचं पान दाखवलं गेलं, किती वेळा, किती जणांनी उघडलं आणि सरासरी जागा कोणती होती, हे १६ महिन्यांपर्यंतचं दिसतं. भारत आणि कॅनडा शेजारी शेजारी ठेवून तुलनाही करता येते. सरासरी जागेला मात्र फसू नका. पान दाखवलं गेलं तेव्हाचीच जागा त्यात मोजली जाते. समजा कॅनडाची सरासरी जागा ६ दिसते आणि महिन्यात पान दाखवलंय जेमतेम दहा-बारा वेळा, तर तो सहावा नंबर काही कामाचा नाही. बहुतेक ते मेहुणे आणि त्यांचे शेजारीच असतील. आधी दाखवण्याचा आकडा वाढतोय का बघा. आणि शब्दांची यादी नीट वाचा. तुमच्या पुढच्या पानांचे विषय त्या यादीत आयते मिळतात.

झटपट पाहायचं असेल तर निकालाच्या पानाच्या पत्त्याला शेवटी अँडचं चिन्ह, इंग्रजी जी आणि एल, मग बरोबरचं चिन्ह आणि सी-ए जोडा. कॅनडातून शोधल्यासारखे निकाल येतात. नकाशाचा भाग त्यात पूर्ण बरोबर येईल असं नाही, पण अंदाज येतो. गूगल अॅड्सच्या खात्यात जाहिरातीचा नमुना बघायची सोय असते, तिथे तर थेट ब्रॅम्प्टन शहर निवडता येतं.

काही फरक असे असतात की त्यांचा तुमच्या साइटशी संबंधच नसतो, आणि ते माहीत नसले की माणूस उगाच स्वतःला दोष देतो. युरोपीय संघात डिजिटल मार्केट्सचा कायदा मार्च २०२४ पासून गूगलसारख्या बड्या कंपन्यांना पाळावा लागतो; त्यापायी गूगलने तिथल्या निकालांतली विमानांची स्वतःची खिडकी काढली आणि तुलना करणाऱ्या पोर्टलांना जागा दिली. इटलीतून येणाऱ्या तुमच्या भाविकाला दिसणारं पान म्हणून कॅनडातल्यापेक्षा वेगळं असतं. एआयने तयार केलेलं उत्तर सगळ्यात वर दाखवणं मे २०२४ मध्ये अमेरिकेत सुरू झालं, आणि भारत, ब्रिटन, जपानला ते ऑगस्टमध्ये आलं. तेवढे महिने तोच शोध एका देशात एका रूपात आणि दुसऱ्यात दुसऱ्या रूपात दिसत होता.

कायद्याचं सगळ्यात जवळचं उदाहरण आपल्याच मराठवाड्यातलं आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. गर्भलिंग निदानाच्या जाहिरातींना आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, पण इंटरनेटवर त्या दिसत राहिल्या. डॉ. साबू मॅथ्यू जॉर्ज यांनी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि न्यायालयाने गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टला अशा जाहिराती भारतात अडवायला लावल्या. अंतिम निकाल डिसेंबर २०१७ चा. बाहेरच्या ज्या देशांत ही तपासणी कायदेशीर आहे तिथे तेच शब्द टाकले तर दवाखान्यांच्या जाहिराती येतात. देशागणिक निकाल वेगळे असणं कधी कधी हवंच असतं, असं मी म्हणते ते यामुळे.

गूगलच्या बाहेरचं जग तुम्हाला फारसं लागणार नाही. कॅनडा-अमेरिकेत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बिंग वापरलं जातं, म्हणून बिंगच्या वेबमास्टर टूल्समध्ये साइट जोडून ठेवा. सर्च कन्सोलवरून ती काही मिनिटांत जोडता येते. वेरूळ-अजिंठ्याला परदेशी बौद्ध पर्यटक आणणाऱ्या गाइड मंडळींना मात्र हे लागतं. कोरियात नेव्हरचा जोर आहे आणि तिथे ब्लॉग वर येतात, चीनमध्ये बायडू आहे, रशियात यांडेक्स. तिथे गूगलची गणितं चालत नाहीत.

आता पैसे कुठे लावायचे. पहिला खर्च लिहिण्यावर: वर सांगितलेली पानं, इंग्रजी आणि गुरुमुखी. दुसरा, तुमच्याकडे येऊन गेलेल्या परदेशी भाविकांच्या अभिप्रायांवर, आणि यात पैसा नाही, सवय लागते. विमानतळावर सोडताना ड्रायव्हरने लिंक पाठवायची आणि एवढंच म्हणायचं, की कुठून कुठे आलात आणि प्रवास कसा झाला ते लिहा. 'व्हँकुव्हरहून आलो, रात्री तीनला हैदराबादला उतरलो, ड्रायव्हर वाट बघत उभा होता' अशी एक ओळ तुमच्या स्वतःच्या शंभर विशेषणांपेक्षा जास्त काम करते, वाचणाऱ्यासाठीही आणि गूगलसाठीही. विकतचे अभिप्राय घेऊ नका, गूगलवरचं व्यवसायाचं प्रोफाइल बंद पडू शकतं. तिसरं, कॅनडातले गुरुद्वारे, तिथली पंजाबी साप्ताहिकं आणि रेडिओ यांच्याशी बोला. संगतीचे जत्थे नेणारी मंडळी तुमच्या मेहुण्याच्या ओळखीत नक्की असतील. त्यांच्या साइटवर 'नांदेडला जाताना' अशा माहितीत तुमच्या पानाचा दुवा आला, तर तो एजन्सीच्या पाचशे विकतच्या दुव्यांना भारी आहे.

एजन्सीला काम द्यायचंच असेल तर पहिल्या पानाची हमी मागू नका. ती कुणीच देऊ शकत नाही, जो देतो तो तुमच्या दुकानाच्या नावासारखे, दुसरं कुणी टाकतच नाही असे शब्द वर आणून दाखवतो. त्याऐवजी कॅनडाचा फिल्टर लावलेला कन्सोलचा अहवाल दर महिन्याला मागा. डोमेन तुमच्या नावावर, कन्सोलची मालकी तुमच्या जीमेलवर, एजन्सीला फक्त वापरकर्ता म्हणून प्रवेश द्या. आणि वेळेचं गणित बघा: नवं पान गूगलच्या नजरेत येऊन स्थिरावायला काही महिने जातात, आणि परदेशातले लोक होल्ला मोहल्ल्याची, म्हणजे होळीच्या सुमाराच्या शीख उत्सवाची, तिकिटं थंडीतच काढतात. हैदराबाद-नांदेडचं पहिलं पान दसऱ्याच्या आत साइटवर चढलेलं हवं.